कांदेबाईने लिहिलेले बारा दिवस

ऑफिसात तिला सगळे कांदेबाई म्हणायचे. पाठीमागे नाही हं, चांगलं तोंडावर. तिचा मजकूर वाचला की भल्याभल्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि डोळ्यांना पाणी आलं की माणसाचा अंगठा आपोआप 'मदत करा' या हिरव्या बटणावर जायचा. संस्था आजारी माणसांसाठी इंटरनेटवरून मदत गोळा करायची. कोणाचं हृदय, कोणाचा मणका, कोणाचं दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ. प्रत्येकाचं एक पान. पानावर एक फोटो, एक मथळा आणि खाली कांदेबाईचा मजकूर.

"काय कांदेबाई, आज कोणाला रडवलंत?" असं विचारत साहेब सकाळी तिच्या टेबलावरून जायचे. साहेब वयाने तिच्या निम्मे, पण माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस या गोष्टीत कोणीच नाही, हे आधीच सांगून ठेवते. असता तर बरं झालं असतं, निदान त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

कामाचे नियम तिला झोपेतही पाठ होते. फोटोत चेहरा एकच हवा. दोन दिसले की लोकांची माया वाटली जाते. डोळे सरळ कॅमेऱ्यात. हसू असलंच तर अर्धं. 'शस्त्रक्रिया' म्हणायचं नाही, त्याला फिनाइलचा वास येतो. 'पुन्हा शाळेत जायचंय' असं म्हणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मथळ्यात दिवस हवेत. 'हातात फक्त नऊ दिवस.' 'डॉक्टर म्हणतात, सातच दिवस.' दिवस लिहिले की मदत दुपटीने येते, हे आकडेवालीने दहा वेळा सिद्ध करून दाखवलं होतं.

आकडेवाली म्हणजे शेजारच्या टेबलावरची चुणचुणीत पोरगी. एकाच पानाचे दोन मथळे करायचे, निम्म्या लोकांना एक दाखवायचा, निम्म्यांना दुसरा, आणि कुठल्यावर जास्त अंगठे पडतात ते बघून हरलेला मथळा फेकून द्यायचा, हे तिचं काम. दिवस लिहिलेला मथळा कधी हरल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

आता हे दिवस यायचे कुठून? डॉक्टरांकडून? छे! डॉक्टर असं काही बोलतात का? ते म्हणतात, बघू या, लवकर करू या. दिवस यायचे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. लोकांचे पगार कधी होतात, पान कधी बंद करायचं, मधे किती दिवस राहतात, तो आकडा. एकदा घातला की रोज सकाळी तो आपला आपण एकाने कमी व्हायचा. अकरा वर्षं ती हे लिहीत होती. सुरुवातीला हात अडखळायचा. पुढे पुढे 'नऊ दिवस' लिहिताना तिला नवाचा आकडा दिसायचा, दिवस दिसायचे नाहीत.

तिला एक धाकटा भाऊ होता. तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लहानपणी तो सारखा कशाला ना कशाला धडकायचा, म्हणून तिने त्याचं नाव ठोंब्या ठेवलं होतं, आणि पंचेचाळिशी आली तरी ती त्याला ठोंब्याच म्हणायची. आईवडील केव्हाच गेलेले. तिने संसार मोडून दहा वर्षं झाली होती, त्याने मांडलाच नव्हता. तिला तो आणि त्याला ती, बाकी सगळा आनंदच.

ठोंब्या लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या चाळीसेक जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हातावर चालायच्या. खांद्याला पान्यांची पिशवी, खिशात कामाची वही. वहीत तीन रकाने असायचे: तारीख, काम आणि शेरा. शेऱ्यात दोनच शब्द, 'झालं' किंवा 'बाकी'. "ताई, माझ्या वहीत 'बघू' नाही, 'करू' नाही," तो फुशारकी मारायचा. "तुझ्यासारखं पानभर लिहायला मला कोण पगार देतो?"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार चार तास यंत्राला जोडून पडायचं आणि उठून पुन्हा लिफ्टच्या खोलीत शिरायचं. दिवसाला पाणी किती, तर अर्धी बाटली. तेवढंच. तहान लागली की तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा. फळं बंद, बटाटे बंद. तिच्या हातचे तळलेले बटाटे म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण तिनेही मग ते करणं सोडून दिलं.

तिची किडनी त्याला जुळत होती. सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हसत सुटली होती. "घे मेल्या," ती म्हणाली, "लहानपणी माझी पेन्सिल दिली नाही म्हणून दातांनी चावला होतास. आता किडनी देते, तोंड बंद ठेव."

डॉक्टर म्हणाले, घाई नाही. दोनतीन महिन्यांत करून टाकू. तोवर डायलिसिस एकही चुकवायचं नाही आणि पाणी मोजून प्यायचं, एवढं सांभाळा.

राहिला प्रश्न खर्चाचा. तो दोघांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि ती ज्या संस्थेत अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी हात पसरत होती, तिथे आपल्या भावासाठी पसरायला तिला लाज वाटायचं काही कारण नव्हतं. लाज त्याला वाटली. आठ दिवस तो नाहीच म्हणत होता. शेवटी ती चिडून रडली, तेव्हा मान्य झाला. पण अट घातली.

"ताई, खोटं एक अक्षर लिहायचं नाहीस. मी चाळीस इमारतींत फिरतो. उद्या कोणी विचारलं तर मला मान वर करून बोलता आलं पाहिजे."

"नाही लिहिणार."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. आता उठ, जेव."

"आणि मी ते पान बघणार नाही. स्वतःची दैना वाचायला मला जमायचं नाही."

तिने फोटो काढला, लिफ्टच्या दाराशी, हातात पाना. मथळा लिहिला: 'माझ्या भावाने आयुष्यभर तुम्हाला वर नेलं.' सुंदर मथळा होता. अकरा वर्षांत तिने लिहिलेला सगळ्यात चांगला, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पान हललं नाही. तीन दिवसांत जेवढी मदत आली, तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीचं दारही उघडलं नसतं. चौथ्या दिवशी आकडेवाली खुर्ची सरकवत जवळ आली. तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं.

"कांदेबाई, रागावू नका. दिवस घाला."

"नको."

"पान असंच पडून राहिलं तर यादीत खाली जाईल, मग कोणाला दिसणारसुद्धा नाही. तुम्हीच मला शिकवलंत ना हे?"

शिकवलं होतं खरं. सोमवारी सकाळी ती ऑफिसात आली, पर्सही न ठेवता उभ्या उभ्या कॅलेंडर बघितलं, आणि लिहिलं: 'डॉक्टर म्हणतात, माझ्या भावाच्या हातात फक्त १२ दिवस.' एवढंच. एका मिनिटाचं काम. तिच्या मनाने तिला सांगितलं की तो काही पान बघणार नाही, आणि एकदा किडनी बसवली की हे बारा दिवस कोणाच्या लक्षात राहणारेत? दुपारपर्यंत अंगठ्यांचा नुसता पाऊस. तिचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी सगळ्यांना कॉफी पाजली.

त्या आठवड्यात तिचं त्याच्याशी बोलणं फोनवरच झालं. रोज संध्याकाळी पानावर नवीन चार ओळी टाकायच्या, लोकांना उत्तरं द्यायची, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. बुधवारी तिने विचारलं, "डायलिसिस झालं का रे?"

"झालं ताई."

"धाप का लागलीये?"

"लिफ्ट बंद होती. जिना चढून आलो."

"कोणाची लिफ्ट?"

"माझीच. लाज आहे का मला?" आणि दोघंही हसली.

शुक्रवारी म्हणाला, उस्तादांना भेटून येतो. उस्ताद म्हणजे ज्यांनी त्याला हातात पाना धरायला शिकवलं ते. बसने पाच तासांवर राहायचे. कधीतरी कसल्यातरी फालतू कारणावरून दोघांचं बिनसलं होतं आणि सहा वर्षं बोलणं नव्हतं. "तिथल्या हॉस्पिटलात डायलिसिस होतं, विचारून ठेवलंय," तो म्हणाला. तिला बरंच वाटलं. माणसाला थोडा बदल हवा, असं ती आकडेवालीला म्हणालीसुद्धा. तेव्हाच तिच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता! सहा वर्षं धरलेला अबोला माणूस उगाच एका शुक्रवारी सोडतो का? पण तिचं सगळं लक्ष पानावर.

मंगळवारी सकाळी फोन आला. एका जुन्या इमारतीच्या वॉचमनचा.

ती पोचली तेव्हा ठोंब्या वॉचमनच्या स्टुलावर बसला होता, भिंतीला डोकं टेकून, पान्यांची पिशवी मांडीवर. चेहरा सुजलेला. जवळ पाण्याची मोठी बाटली, रिकामी. झोपल्यासारखा दिसत होता, असं लोक म्हणतात ना? तसा काही दिसत नव्हता. मेलेला दिसत होता.

हॉस्पिटलातल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. बुधवारी आला नाही, शुक्रवारी आला नाही, सोमवारी आला नाही. फोन केला तर म्हणाला, दुसरीकडे घेतोय. "शरीरात पाणी साचलं, हृदय थांबलं," बाई म्हणाल्या. "इतका शिस्तीचा पेशंट. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. असं का केलं असेल हो त्यांनी?"

मग त्याला निरोप देण्याचं जे काही करायचं असतं ते तिने केलं. उस्ताद आले होते, म्हातारा माणूस, भिंतीला धरून हुंदके देत होता. ती रडली नाही. लोक कुजबुजले असतील, कुजबुजू देत.

संध्याकाळी सवयीने हातात फोन घेतला तर पान उघडंच. लिफ्टच्या दाराशी ठोंब्या, अर्धं हसू, आणि वर मथळा: 'डॉक्टर म्हणतात, माझ्या भावाच्या हातात फक्त ४ दिवस.' खाली मदत येतच होती.

तिने तिथल्या तिथे नवा मजकूर लिहून साहेबांना पाठवला. 'माझा भाऊ आज सकाळी गेला. बारा दिवस डॉक्टरांनी सांगितले नव्हते. ते मी मनाने लिहिले होते.' अकरा वर्षांत इतकं थोडं तिने कधी लिहिलं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. "बाई, मी हे लावू शकत नाही. आज आपल्याकडे त्रेसष्ट पानं आहेत. त्यात सतरा बाळं आहेत. हे वाचल्यावर त्यांना कोण देईल?"

सतरा बाळांचे मजकूर तिनेच लिहिले होते, आणि प्रत्येकात दिवस होते. साहेबांनी दुसरं काहीतरी लावलं: शर्थीचे प्रयत्न, कृतज्ञता, आलेली मदत दुसऱ्या रुग्णांना, नको असेल त्यांना परत. पान मात्र नियमाप्रमाणे ठरल्या तारखेलाच बंद व्हायचं होतं. मथळ्यातला आकडा काढायला सांगूनही राहून गेला. खाली कोणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, 'निदान घरच्यांना आधी कळलं होतं, त्याच्याशी नीट बोलून घ्यायला वेळ मिळाला असेल.' ते वाचून तिने फोन पालथा घातला.

शुक्रवारी ती त्याच जुन्या इमारतीत गेली, हिशेब मिटवायला नाही, नुसतीच. त्याची पिशवी अजून त्या वॉचमनकडेच होती. वॉचमन तिला बघून उठून उभा राहिला आणि स्टूल तिला देऊ की नको या घोळात पडला.

"ताई, एक सांगायचंय. माझ्याच्याने चूक झाली. मीच त्याला दाखवलं."

"काय दाखवलं?"

"ते पान. सोमवारी डायलिसिस करून आला होता संध्याकाळी. मला माझ्या मुलीने पाठवलं होतं. मी येडा, त्याला मिठी मारली न् म्हटलं, दादा, बाराच दिवस? बोलला नाहीस रे कधी. त्याने फोन घेतला, वाचलं. मी म्हटलं, खोटंबिटं असेल, इंटरनेटवर लोक काहीही टाकतात. तर म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नाही, खरं असणार. ताईने लिहिलंय. तिने माझी शपथ घेतलीये."

ती स्टुलावर बसली. हो, त्याच स्टुलावर.

"मग हसला," वॉचमन म्हणाला. "म्हणाला, बारा दिवसांसाठी त्या यंत्राला कशाला लटकायचं? कामं पडलीत. आणि बाटलीभर पाणी मागून घेतलं माझ्याकडून. गटागटा प्यायला. इतका खूश झाला ताई, काय सांगू. म्हणाला, दोन वर्षांत पोटभर पाणी प्यायलो नाही. मला काय ठाऊक, त्याला पाणी चालत नाही..."

"तुमची काही चूक नाही," ती म्हणाली. हे तरी ती खरं बोलली.

पिशवीत पाने, पक्कड, तेलकट फडकी आणि वही होती. सगळ्यात शेवटचं पान त्याने आखून घेतलं होतं, तेच तीन रकाने, फक्त तारखेच्या जागी उलटे आकडे. रोज सकाळी मथळ्यात जो आकडा असेल तोच.

११: चाळीस इमारतींच्या चाव्या हाताखालच्या नवीन पोराकडे देणे. झालं.

१०: पोटभर पाणी. फळं. झालं.

९: नवीन पोराला केबलचं काम शिकवणे. झालं.

८: उस्तादांकडे जाणे. झालं.

७: उस्तादांची माफी मागणे. (त्यांनीच आधी मागितली.) झालं.

६: परत. झालं.

५: झोप. झालं.

४: इथली लिफ्ट चौथ्या मजल्यावर चार बोटं खाली थांबते, म्हाताऱ्या आजी अडखळतात. नीट करणे.

याच्यापुढे शेरा नव्हता. तिने वॉचमनकडे बघितलं.

"केली ना," तो म्हणाला. "पहाटेच आला होता. तासभर वर होता. मग त्याच लिफ्टने खाली आला, म्हणाला, आता बघ, फरशीला फरशी लावून थांबते. आणि इथे टेकला जरा."

तिने त्याच्याकडून पेन घेतलं आणि चारच्या पुढे 'झालं' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. पुढच्या तिन्ही ओळींपुढे त्याने आधीच 'बाकी' लिहून ठेवलं होतं.

३: डॉक्टरांना भेटून सांगणे, ताईची किडनी ताईकडेच राहू दे. उगाच तिला कापू नका. जमलेली मदत दुसऱ्या कोणाला. बाकी.

२: घर आवरणे. ताईला नंतर त्रास नको. बाकी.

मथळ्यात त्या दिवशी एक उरला होता. तिने सकाळीच बघितलं होतं.

१: ताईकडे जेवायला. तळलेले बटाटे करायला सांगणे. मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, तिने बिचारीने एवढं लपवून ठेवलंय. तिच्यासमोर रडायचं नाही. बाकी.

तेव्हा ती रडली. वॉचमनच्या स्टुलावर बसून, वही छातीशी धरून, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मोठ्याने. चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमधून उतरल्या आणि काय झालं म्हणून वॉचमनला विचारू लागल्या. तो म्हणाला, त्या लिफ्टवाल्याची बहीण आहे.

घरी जाताना तिने बटाटे घेतले. सोलले, चिरले, तळले, दोन ताटांत वाढले, आणि आकडा शून्य होईपर्यंत ती त्याची वाट बघत बसली.